लिहून देणार, लिहून घेणार: चेस काउंटीतले तीन दिवस

आई-बाबांना अमेरिकेत आमच्याकडे येऊन सहा आठवडे झाले होते. बाबांना कंटाळा आला होता, पण हे ते सोडून घरातल्या सगळ्यांना कळत होतं. मॉल झाले, मंदिर झालं, नदी झाली. रोज सकाळी ते कॉलनीत फेरी मारून येत आणि चहा घेता घेता सांगत, "त्या कोपऱ्यावरच्या घराचं कुंपण हद्दीवर नाही. फूटभर तरी आत आलंय." नोकरीची सगळी वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतरही जग वाकडंच दिसतं.

म्हणून एप्रिलातल्या एका शुक्रवारी सुट्टी टाकली आणि दोघांना घेऊन कॅन्सस राज्यातल्या चेस काउंटीला निघाले. आम्ही राहतो कॅन्सस सिटीच्या दक्षिणेला, तिथून ही काउंटी दोन-सव्वादोन तासांवर. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा. क्षेत्रफळ ७७८ चौरस मैल, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याहूनही जास्त, आणि २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २,५७२. "एवढी माणसं आमच्या आठवडी बाजारात असतात," आई म्हणाली. बघायला काय आहे, या प्रश्नावर मी एवढंच सांगितलं की तिथे जुनं कोर्ट आहे, जुनं दप्तर आहे आणि गावातल्या लोकांनी १९३४ पासून चालवलेलं इतिहास मंडळ आहे. 'दप्तर' म्हटल्यावर बाबा बूट घालायला उठले.

दिवस पहिला, शुक्रवार

एम्पोरियापर्यंत हमरस्ता, मग पन्नास नंबरचा रस्ता धरून पश्चिमेला. एम्पोरिया मागे पडलं आणि झाडं विरळ झाली. मग टेकड्या लागल्या. टेकड्या म्हणजे सह्याद्रीच्या माणसाने हसावं इतपतच उंच, पण क्षितिजापर्यंत एकामागून एक, आणि त्यांवर एकही घर नाही. या फ्लिंट हिल्स. वाटेत डाव्या हाताला एक अख्खी टेकडी काळीकुळकुळीत. तिच्या पलीकडे धूर.

"वणवा लागलाय गं!" आई.

वणवा नव्हे, लावलेली आग. ते उद्याच्या दिवसात येईलच.

स्ट्राँग सिटीवरून दक्षिणेला वळलं की दोन मैलांवर कॉटनवूड फॉल्स. काउंटीचं मुख्य गाव हेच, आणि तरी लोकसंख्या हजाराच्या आतच. उत्तरेला नदी, तिच्यावर १९१४ चा काँक्रीटचा जुना पूल आणि शेजारी गिरणीचा बंधारा. तिथून विटांनी बांधलेला एकच रुंद रस्ता सरळ वर जातो आणि त्याच्या टोकाला, एवढ्याशा गावाच्या डोक्यावर फेटा बांधावा तसं, कोर्ट. १८७३ साली पुरं झालं. स्थानिक चुनखडीचा पांढुरका दगड, लाल छप्पर, वर घड्याळाचा मनोरा. जॉन हॅस्केल या वास्तुकाराने फ्रेंच धाटणीत बांधलेल्या या इमारतीत काउंटीचा कारभार आजही चालतो. आतला गोल जिना अक्रोडाच्या लाकडाचा. आईने कठड्यावरून हात फिरवत तीन मजले चढून दाखवले, गुडघे विसरून. वर जुना तुरुंगही आहे.

बाबांना जिन्यात रस नव्हता. त्यांना 'रजिस्टर ऑफ डीड्स' अशी पाटी दिसली होती.

मी दारातच थोडी घुटमळले. असं कसं आत जाऊन सांगायचं, की माझे वडील भारतातून आलेत आणि त्यांना तुमची खरेदीखतं बघायची आहेत? पण हे दप्तर कुणालाही खुलं असतं. तिथल्या बाईंनी कुणाची जमीन, कशासाठी, असं काही विचारलं नाही. त्यांनी जुन्या सूचीचा एक जाडजूड ग्रंथ उघडून टेबलावर ठेवला. प्रत्येक पानावर दोन रकाने: ग्रँटर आणि ग्रँटी. मी भाषांतर करायला तोंड उघडणार, तोच बाबा म्हणाले, "लिहून देणार, लिहून घेणार." आणि चष्मा चढवून बसले.

पुढचा पाऊण तास मी दुभाषी होते, पण दोघांना माझी गरज फारशी लागली नाही. मोजणीचं गणित बाईंनी नकाशावर दाखवलं. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा चौकोन म्हणजे एक टाउनशिप. तिचे ३६ तुकडे, म्हणजे सेक्शन, प्रत्येकी ६४० एकर. सेक्शनचा चतकोर १६० एकर, आणि १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कसणाऱ्याला मिळायचा तो हाच चतकोर. नदी येवो की टेकडी, रेघ सरळच. आमच्याकडच्या वाकड्या बांधांशी आयुष्यभर झगडलेले बाबा त्या चौकटीकडे बघतच राहिले. "असं असतं तर मला कामच उरलं नसतं," म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, साखळी किती फुटांची? सहासष्ट. बाबांचा चेहरा खुलला. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे आपला गुंठा. सहासष्टची अर्धी. त्यांनी तिथल्या कागदावर चौकोन काढला, त्याचे चार भाग केले आणि बाईंना दाखवलं: तुमच्या साखळीचा एक चौरस म्हणजे आमचे चार गुंठे. इंग्रजाने तीच साखळी एका हाताने इकडे टाकली, दुसऱ्या हाताने तिकडे. बाईंनी तो कागद ठेवून घेतला.

इथपर्यंत सगळं गोड होतं. मग बाबा एका सेक्शनचा माग काढत मागे मागे गेले. आजचा मालक, त्याला विकणारा, त्याच्या आधीचा, बँकेचं गहाण, वारसाची नोंद, आणि सगळ्यांत जुनी नोंद. लिहून घेणार: एक वसाहतकरी. लिहून देणार: युनायटेड स्टेट्स.

"आणि यांना कुणी लिहून दिलं?"

मी विचारलं. बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "ते आमच्या पुस्तकात नाही. आमची पुस्तकं इथूनच सुरू होतात."

"म्हणजे पहिला फेरफारच नाही," बाबा मला म्हणाले. सुरात तक्रार नव्हती. कार्यालयात एखादं पान गहाळ दिसलं की म्हणत असतील, तसं म्हणाले.

दुपारी त्याच विटांच्या रस्त्यावरच्या इतिहास मंडळाच्या संग्रहालयात गेलो. असल्या गावकी संग्रहालयांना पुष्कळ लोक नाकं मुरडतात. इथे खुरपी, तिथे लोणी काढायची रवी, कोपऱ्यात बायबल, आणि प्रत्येक वस्तूखाली कुणाच्या तरी खापरपणजोबाचं नाव. मलाही वाटलं होतं तसंच असेल. थोडंफार तसं आहेही. पण इथली खरी ठेव काचेच्या कपाटात नाही, कागदात आहे. मंडळाने १९४० साली 'चेस काउंटी हिस्टॉरिकल स्केचेस' या नावाने पहिला खंड काढला आणि पुढे त्यात भर घातली. काउंटीतल्या घराण्यांची माहिती, शाळा, वस्त्या, टपालकचेऱ्या, आता नकाशावर नसलेली गावं. पुष्कळसं घरच्याच माणसांनी सांगितलेलं, लिहिलेलं. त्यामुळे कुणाचाही आजोबा दारुडा नाही, कुणीही सावकार बुडवलेला नाही. हे गृहीत धरून वाचावं. तरी माणसं कुठून आली, पहिल्या हिवाळ्यात किती पोरं गेली, १८७४ च्या टोळधाडीने काय काय खाल्लं, हे सगळं त्यात सापडतं. एरवी हे कुणी टिपून ठेवलं असतं? १९०० च्या सुमारास इथे आठ हजारांवर माणसं होती. आज तिसरा हिस्साही नाही. घरं रिकामी होत असताना माळ्यावरची ट्रंक टाकून द्यायच्या आधी कुणीतरी इथे आणून देतं, आणि इथे कुणीतरी ती उघडून, नावं विचारून, फोटोच्या पाठीवर शिसपेन्सिलीने लिहून ठेवतं. मंडळाचं काम म्हणजे एवढंच. ऐकायला सोपं वाटतं.

आई गोधड्यांपाशी. इथे त्यांना क्विल्ट म्हणतात, पण आईच्या लेखी गोधडीच. एकीचा धावदोरा तिने नाकाजवळ नेऊन पाहिला. "टाका बारीक आहे, पण अस्तराला जुनं लुगडं नाही. ऊब कुठून येणार?" संग्रहालय सांभाळायला बसलेल्या आजीबाईंना मी हे सांगितलं तर त्या खुर्ची ओढून आईजवळच आल्या. वय ऐंशीच्या पुढे असावं. पगार नाही, आठवड्याची पाळी ठरलेली.

एका कोपऱ्यात विमानाची हकीकत आहे. ३१ मार्च १९३१ ला या काउंटीत बझार नावाच्या वस्तीजवळ एक प्रवासी विमान कुरणात कोसळलं आणि आठही माणसं गेली. त्यांत नूट रॉकनी होते, नॉट्र डेम विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक, त्या काळी देशभर नावाजलेले. लाकडी पंखाचा डिंक ओलाव्याने सुटला होता. एवढा बोभाटा झाला की अपघातांच्या चौकशीचे निष्कर्ष लोकांपुढे ठेवावे लागले आणि विमान कंपन्या धातूच्या विमानांकडे वळल्या. ज्या विमानाने आई-बाबा इथवर आले, त्याची एक मुळी या कुरणात आहे म्हणायला हरकत नाही. अपघाताच्या जागी धावत गेलेला तेरा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा पुढे म्हातारा होईपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला ती जागा दाखवत राहिला. स्मारक खाजगी कुरणात आहे, म्हणून आम्ही गेलो नाही.

निघताना आजीबाईंनी बाबांना विचारलं, तुम्ही काय करत होता? मी सांगितलं. त्यांनी ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढला आणि म्हणाल्या, तुमच्या साखळीबद्दल लिहून द्या. आमच्या मोजणीच्या फाइलला लावू.

बाबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. बोलले काहीच नाहीत.

रात्री मोटेलवर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. हा गुरांचा मुलूख, इथल्या पाट्यांवर शाकाहारी माणसाने फक्त बटाटे शोधावेत.

दिवस दुसरा, शनिवार

सकाळी स्ट्राँग सिटीच्या उत्तरेला टॉलग्रास प्रेअरी राष्ट्रीय राखीव क्षेत्र. १०,८९४ एकर. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी एके काळी पुरुषभर उंचीच्या गवताचा समुद्र होता. त्यातलं चार टक्क्यांहून कमी उरलंय आणि त्यातलं बहुतेक या टेकड्यांत. का उरलं, याचं उत्तर जमिनीतच आहे. चुनखडीच्या थरांत चकमकीच्या दगडाच्या गाठी. माती वीतभर. नांगर टाकला की फाळ तुटायचा, म्हणून शेतकऱ्यांनी नाद सोडला आणि गुरं सोडली. हा चकमकीचा दगड किती धारदार असतो, ते कच्च्या रस्त्यावर आमच्या मागच्या टायरने दुपारी सिद्ध केलं. दीड तास गेला त्यात.

राखीव क्षेत्राच्या मालकीची गंमत बाबांना फार आवडली. १९९६ साली कायदा झाला तेव्हा इथल्या गुराखी-शेतकऱ्यांना सरकारने जमीन घेणं मान्य नव्हतं. म्हणून कायद्यातच लिहिलं, की केंद्र सरकारने १८० एकरांहून जास्त मालकी घ्यायची नाही. बाकीची जवळजवळ सगळी जमीन नेचर कन्झर्व्हन्सी या खाजगी संस्थेच्या नावावर, आणि देखभालीत राष्ट्रीय उद्यान सेवा. "म्हणजे सातबारावर सरकार इतर हक्कात," बाबा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर बराच वेळ हसले.

स्टीफन जोन्स नावाच्या पशुपालकाचा १८८१ चा दगडी वाडा, तीनमजली कोठार, थोड्या अंतरावर टेकडीवर १८८२ ची एका खोलीची शाळा. सगळं त्याच चुनखडीत. कोठारात शिरल्यावर आई म्हणाली, "यात आमची अख्खी वाडी मावेल, गुराढोरांसकट." मला शाळा आवडली. एकच खोली, चारी बाजूंना गवत, आणि दगडांचं कुंपण. या कुंपणांचंही गणित आहे. १८६७ च्या कायद्याने मोकाट चराई संपली आणि साडेचार फूट उंचीचं दगडी कुंपण घालणाऱ्याला दर रॉडमागे चाळीस सेंट मिळू लागले. रॉड म्हणजे साडेसोळा फूट. बाबांनी चालता चालता हिशेब केला, "दोन रॉड म्हणजे गुंठ्याची एक बाजू. ऐंशी सेंट." त्यानंतर ते प्रत्येक कुंपण सेंटांत मोजू लागले.

२००९ पासून इथे बायसन, म्हणजे अमेरिकेतले रानगवे, परत आणलेत. लांबून दिसले. जवळ जाऊ नका अशी पाटी आहे, आणि आईला ती वाचायची गरज पडली नाही.

संध्याकाळी आग पाहिली. रस्त्याच्या कडेला गाडी लावून पाऊण तास उभे होतो. एक माणूस चार चाकांच्या मोटरसायकलवरून गवतात पेट टाकत जातो, मागून पाण्याची टाकी घेऊन दुसरा. वाऱ्याच्या उलट बाजूने आधी जाळून काळा पट्टा करून घेतात, मग आग वाऱ्यावर सोडतात. ज्वाळांची रांग टेकडीवर चढत जाते आणि अंधार पडला की नुसती नारिंगी किनार उरते. आईचं माहेर चिपळूणकडचं. ती म्हणाली, "राब भाजतात हो!" बाबा देशावरचे, त्यांचं म्हणणं राब वेगळा. त्यात शेण, टहाळ, पातेरा पसरून भाताच्या रोपासाठी वाफा भाजतात. इथे काही पेरायचं नाही. यावर दोघांचं जुंपलं. खरं सांगायचं तर दोघंही बरोबर होते. इथे जाळल्याने झाडंझुडपं माजत नाहीत, मुळं जमिनीत खोल असतात ती सुखरूप राहतात, आणि पंधरवड्यात काळ्या टेकड्यांवर कोवळी हिरवळ येते. तिच्यावर गुरं धरतात. आज हे काम पशुपालक करतात. त्यांच्या कितीतरी आधी इथले मूळ लोक गवत पेटवत, कारण कोवळ्या गवतावर बायसन येत.

"मूळ लोक म्हणजे कोण?" बाबांनी विचारलं. काल दुपारपासून मनात घोळत असावं.

दिवस तिसरा, रविवार

परतीची वाट बदलली. सरळ घरी न जाता उत्तरेला वीसेक मैलांवर कौन्सिल ग्रोव्ह. काउंटी मॉरिस. या काउंटीचं नाव आधी वाइज होतं, गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या जॉन ब्राउनला पुढे फाशी देणाऱ्या व्हर्जिनियाच्या गव्हर्नरवरून. गुलामगिरीविरोधी मंडळींच्या हाती सत्ता आल्यावर १८५९ मध्ये ते पुसून ओहायोच्या गुलामगिरीविरोधी सेनेटरचं नाव दिलं. चेस काउंटीचं नावही तसंच, सॅमन चेसवरून, जे पुढे लिंकनचे अर्थमंत्री झाले. नावं बदलायची हौस आपल्यालाच आहे असं नाही.

बाबांनी विचारलेले मूळ लोक ते इथलेच. कॉ किंवा कान्झा म्हणतात त्यांना. कॅन्सस हे नाव त्यांचंच. १८२५ च्या करारात त्यांनी प्रचंड मुलूख सोडला, १८४६ च्या करारात उरलेल्यातला बहुतेक, आणि कौन्सिल ग्रोव्हभोवती वीस मैल लांब-रुंद जागा त्यांना मिळाली. १८५९ मध्ये तीही आक्रसली. १८७३ च्या जूनमध्ये सुमारे पाचशे माणसांना तिथूनही उठवून दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात पाठवलं. कॉटनवूड फॉल्सचं कोर्ट पुरं झालं ते हेच साल. मी हे बाबांना सांगितलं नाही. त्यांनी स्वतःच जुळवलं.

१८५१ मध्ये मेथडिस्टांनी कॉ मुलांसाठी बांधलेली दगडी शाळा आता राज्याचं ऐतिहासिक स्थळ आहे. ती तीनच वर्षं चालली. कॉ लोकांनी बहुतेक अनाथ मुलंच पाठवली, आपली नाही. यावरून शाळेबद्दल त्यांचं मत काय होतं ते कळतं. करारांवर त्यांच्या सरदारांनी नावापुढे फुली मारलेली असे.

"अंगठेच की," बाबा म्हणाले. "लिहून देणार सापडले."

गावापासून तीनेक मैलांवर कॉ राष्ट्राने या शतकाच्या सुरुवातीला आपल्याच जुन्या जमिनीचा एक तुकडा विकत घेतला. खरेदीखत करून. आता तिथे अलेगावाहो उद्यान आहे, १८७३ ला लोकांना घेऊन जावं लागलेल्या सरदाराच्या नावाचं. ओढ्याकाठी सरकारने त्यांच्यासाठी बांधलेल्या दगडी खोपट्यांचे अवशेष आहेत. त्यांत ते लोक फारसे राहिलेच नाहीत. आपल्या घरांत राहायचे.

आणि तिथे तो दगड आहे. तांबडा, २८ टनांचा, हिमयुगात उत्तरेकडून वाहत आलेला. कॉ लोकांचा पवित्र दगड, नदीच्या संगमाजवळ असे. १९२९ मध्ये लॉरेन्स शहराच्या लोकांनी तो उचलून गावच्या बागेत नेला, वसाहतीला ७५ वर्षं झाली म्हणून, आणि त्यावर संस्थापक वसाहतकऱ्यांच्या नावांची धातूची पाटी ठोकली. म्हणजे तेही वारसाच जपत होते. २०२३ मध्ये शहराने पाटी काढून दगड परत केला आणि २०२४ पर्यंत तो इथे टेकडीवर बसवला.

वारा होता. आसपास आमच्याखेरीज कुणी नव्हतं. आईने चपला काढल्या, तशा बाबांनीही काढल्या. मी उभी राहिले, मग मीही काढल्या. बाबांनी दगडाभोवती एक चक्कर मारली. ती प्रदक्षिणा होती की मोजणी, मी विचारलं नाही.

"कशावर घालून आणला असेल एवढा?" परतताना त्यांचा पहिला प्रश्न.

गाडीत बसल्यावर आई झोपली. हमरस्ता लागला तरी बाबा गप्पच होते. मग त्यांनी खिशातून आजीबाईंचा कागद काढला, मांडीवर नकाशाची वही ठेवली आणि पेन उघडलं. दहा मिनिटांनी आरशात बघितलं तर अजून पहिल्याच ओळीवर.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही गं. गुंठ्याचं इंग्रजी स्पेलिंग काय करतात?"